एकत्रित विवर्धक की स्वतंत्र घटक : घरगुती ध्वनियंत्रणेच्या इतिहासातील एक प्रश्न

१

ध्वनिमुद्रिकेच्या खोबणीतून फिरणाऱ्या सुईपासून जो विद्युत्-संकेत मिळतो तो अत्यंत क्षीण असतो. चुंबकीय पिकअपच्या बाबतीत त्याचा दाब साधारणतः पाच मिलिव्होल्टच्या आसपास असतो. उलट, पंधरा ओहम रोधाच्या ध्वनिक्षेपकात पंधरा वॅट शक्ती पोचवावयाची असेल तर पंधरा व्होल्टचा दाब लागतो. म्हणजे मूळ संकेत सुमारे तीन हजार पट वाढवावा लागतो. हे कार्य करणारे यंत्र म्हणजे विवर्धक, अर्थात अ‍ॅम्प्लिफायर. त्याचे स्वभावतःच दोन भाग पडतात. पहिला भाग क्षीण संकेत हाताळतो, त्याचा समतोल साधतो, आवाजाची पातळी व खर्ज-तीव्र स्वरांचे प्रमाण ठरवितो. दुसरा भाग ध्वनिक्षेपक हालविण्याइतकी शक्ती पुरवितो. पहिल्यास नियंत्रण-विवर्धक व दुसऱ्यास शक्ति-विवर्धक म्हणता येईल. हे दोन्ही भाग एकाच पेटीत असावेत, की दोन वेगळ्या पेट्यांत, हा प्रश्न गेल्या पाऊणशे वर्षांत इंग्लंड, अमेरिका व जपान ह्या देशांतील संगीतप्रेमी ग्राहकांपुढे वारंवार उभा राहिला.

ह्या प्रश्नाचे रूढ उत्तर सर्वश्रुत आहे. स्वतंत्र घटक हे गुणवत्तेचे, तर एकत्रित यंत्र हे काटकसरीचे लक्षण होय, असे ते उत्तर सांगते. परंतु हे विभाजन ज्या काळी रूढ झाले त्या काळाची साधने तपासली असता निराळे चित्र दिसते. विभाजनाची मूळ कारणे ठराविक आणि तात्कालिक होती. ती कारणे बहुतांशी नाहीशी झाल्यावरही विभाजन टिकले, एवढेच नव्हे तर त्यास अधिक प्रतिष्ठा लाभली. हे कसे घडले ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

विभाजन ही युद्धोत्तर काळाची नवलाई होती असे नाही. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घरगुती रेडिओ हा मुळी अनेक वस्तूंचा संचच असे. ग्राहकयंत्र वेगळे, विद्युत्‌घट वेगळे, कर्ण्याच्या आकाराचा ध्वनिक्षेपक वेगळा. १९२५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी विद्युत्-पद्धतीने ध्वनिमुद्रण करण्यास व्यापारी प्रारंभ झाला, आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्यांनी चलकुंडली ध्वनिक्षेपकाविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर थेट विजेच्या जोडणीवर चालणारी यंत्रे आली आणि सारे घटक एका लाकडी कपाटात सामावले. इंग्लंडात ‘रेडिओग्राम’ ह्या नावाने ओळखले जाणारे हे कपाट दिवाणखान्यातील एक शोभिवंत फर्निचर होय. त्यातील विवर्धक कसा आहे हे विचारण्याचे कारण ग्राहकास पडत नसे.

अर्थात एकत्रीकरण ही सुरुवातीची अविकसित अवस्था आणि विभाजन ही प्रगत अवस्था, असा सरळ क्रम मांडता येत नाही. विभाजन, एकत्रीकरण, पुन्हा विभाजन, पुन्हा एकत्रीकरण अशी आवर्तने ह्या इतिहासात आढळतात.

३

दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओग्रामची ही एकसंधता भंगली. त्यामागील तांत्रिक पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक ह्यांना १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट करून पुन्हा आत दिला असता विवर्धन घटते, परंतु विकृतीही त्याच प्रमाणात घटते, हे तिचे सार होय. मूळ उपयोग दूरध्वनीच्या लांब तारांसाठी होता. घरगुती विवर्धकात तिचा पूर्ण लाभ घेतला गेला तो युद्धानंतर. १९४५ मध्ये हॅरल्ड लीक ह्यांनी ‘पॉइंट वन’ ह्या नावाचा विवर्धक बाजारात आणला. विकृती एक-दशांश टक्का, हा दावा त्या नावातच होता. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ ह्या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन ह्यांची उच्च गुणवत्तेच्या विवर्धकाची रचना प्रसिद्ध झाली. केटी ६६ जातीचे व्हॉल्व्ह वापरून पंधरा वॅट शक्ती आणि तितकीच अल्प विकृती ह्या रचनेने साध्य केली. इंग्लंड-अमेरिकेतील असंख्य हौशी मंडळींनी ती घरी बांधली.

विल्यमसन ह्यांच्या लेखांचा क्रम प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने बोलका आहे. १९४७ चे लेख केवळ शक्ति-विवर्धकासंबंधी होते. स्वरनियंत्रण व ध्वनिमुद्रिकेसाठी लागणारी पूरक मंडले ह्यांवरील लेख १९४९ च्या अखेरीस आले. मधल्या दोन वर्षांत ज्याने शक्ति-विवर्धक बांधला त्याने पुढचा भाग आपापल्या सोयीने जुळविला. म्हणजे विभाजन हे प्रथम प्रकाशनक्रमातून व बांधणीच्या सोयीतून आकारास आले.

ह्यास तीन सबळ कारणांची जोड मिळाली. पहिले कारण ध्वनिमुद्रिकांचे. खोबणी कोरताना खर्ज स्वर दाबावे व तीव्र स्वर उंचवावे लागतात. ऐकताना ह्याच्या नेमकी उलट क्रिया करून समतोल साधावा लागतो. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादन ध्वनिमुद्रिका आणली, पण कोरणीचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे निराळे राहिले. त्यामुळे चोखंदळ श्रोत्यास तबकडीगणिक समतोल बदलता येईल अशा कळांची गरज भासू लागली. नियंत्रण-विवर्धक हे त्या काळी हाताशी असावयाचे, सतत वापरावयाचे उपकरण होते. पीटर बॅक्संडॉल ह्यांचे १९५२ मधील सुप्रसिद्ध स्वरनियंत्रण-मंडल ह्याच गरजेच्या वातावरणातले होय.

दुसरे कारण उष्णता व वजन. शक्ति-विवर्धकातील व्हॉल्व्ह तापत आणि त्यांना ध्वनिक्षेपकाशी जोडणारे लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर जड असत. १९६१ मधील मॅकिंटॉश एमसी २७५ हा प्रत्येक मार्गास पंचाहत्तर वॅट देणारा विवर्धक सुमारे तीस किलोग्रॅम वजनाचा होता. असली वस्तू कपाटाच्या तळाशी, हवा खेळेल अशा जागी ठेवावयाची आणि कळांची छोटी पेटी वर हाताजवळ बसवावयाची, ही व्यवस्था स्वाभाविकच होती.

तिसरे कारण गुणगुणीचे. समतोल साधताना नियंत्रण-विवर्धकास खर्ज स्वर उंचवावे लागतात. १९५४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या प्रमाणानुसार ५० कंप्रतेचा स्वर १००० कंप्रतेच्या स्वराच्या मानाने सुमारे सात पट वाढवावा लागतो. इंग्लंडातील विजेची कंप्रता नेमकी ५० आहे. त्यामुळे शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पहिल्या टप्प्यात शिरले की त्याची गुणगुणही त्याच प्रमाणात वाढते. अंतर हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होता.

४

ह्या तिन्ही कारणांचा मेळ ‘क्वाड’ यंत्रात दिसतो. पीटर वॉकर ह्यांनी १९३६ मध्ये स्थापिलेली व पुढे हंटिंग्डन येथे स्थिरावलेली ही कंपनी. ‘क्वाड’ हे नाव ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले त्यांतील शेवटचा शब्द ‘घरगुती’ ह्या अर्थाचा आहे, हे लक्षणीय होय. १९५३ चा क्वाड टू हा पंधरा वॅटचा शक्ति-विवर्धक व त्याची नियंत्रण-पेटी ही दोन स्वतंत्र अंगे होती. तथापि ती कितपत स्वतंत्र होती हे पाहिले पाहिजे. नियंत्रण-पेटीस स्वतःचा विद्युत्-पुरवठा नव्हता. तो शक्ति-विवर्धकाकडून तारेने येई. क्वाड टूला पूर्ण शक्तीसाठी १.४ व्होल्टचा संकेत लागे, तर लीकच्या शक्ति-विवर्धकास १२५ मिलिव्होल्ट पुरत. दोहोंत अकरा पटींचे अंतर. एकाची नियंत्रण-पेटी दुसऱ्याच्या शक्ति-विवर्धकास जोडणे म्हणजे संकेताची पातळी बिघडविणे व विद्युत्-पुरवठ्याची नवी सोय करणे होय.

सारांश, १९५० नंतरच्या दशकातील स्वतंत्र घटक हे पुष्कळदा एकाच कारखान्यात, एकमेकांसाठी बनविलेले जोडयंत्र होते. वाटेल तो घटक वाटेल त्यास जोडावा, हे स्वातंत्र्य पुढील काळाने ह्या यंत्रांवर मागाहून आरोपिले. विभाजन देहाचे होते, रचनेचे नव्हते.

अमेरिकेतील परिस्थिती काहीशी निराळी होती. तेथे डेव्हिड हाफ्लर ह्यांच्या डायनाको कंपनीने घरी जुळवावयाचे सुटे संच स्वस्तात विकले. १९५९ चा स्टीरिओ ७० हा त्यांतील विशेष गाजलेला. सॉल मॅरँट्झ ह्यांच्या कंपनीने नियंत्रण-विवर्धक व शक्ति-विवर्धक ही दोन्ही अंगे मोठ्या निगुतीने व चढ्या किमतीस बनविली. घटक निवडणे हाच तेथे एक छंद झाला. कीर कीटली ह्यांनी १९९६ मधील आपल्या लेखात दाखविल्याप्रमाणे, तत्कालीन अमेरिकी नियतकालिकांत ह्या छंदाचे चित्रण घरातील पुरुषाचा राखीव प्रांत असे केले जाई. रेडिओग्राम हे कुटुंबाचे फर्निचर होते. तारा व व्हॉल्व्ह उघडे दिसणारे घटक हे एका व्यक्तीच्या जाणकारीचे प्रदर्शन ठरले. विभाजनास मिळालेल्या प्रतिष्ठेचे बीज येथे आढळते.

५

दहा वर्षांच्या आत मूळ कारणे एकेक करून ढळू लागली. १९५४ चे प्रमाण हळूहळू सर्व कंपन्यांनी स्वीकारले आणि तबकडीगणिक समतोल बदलण्याची गरज उरली नाही. १९५८ मध्ये स्टीरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या आणि विवर्धक एकाऐवजी दोन लागू लागले. क्वाडच्या ग्राहकास आता एक नियंत्रण-पेटी व दोन शक्ति-विवर्धक अशा तीन वस्तूंची व्यवस्था लावणे भाग पडले. एकाच पेटीत दोन्ही मार्ग बसविण्याचा मोह कारखानदारांस पडला, तो ह्यामुळे. १९६१ मध्ये अमेरिकेत स्टीरिओ नभोवाणी सुरू झाल्यावर रेडिओचा भागही त्याच पेटीत गेला आणि ‘रिसीव्हर’ हा प्रकार लोकप्रिय झाला.

निर्णायक आघात ट्रँझिस्टरने केला. १९४७ च्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत जन्मलेले हे साधन घरगुती विवर्धकात रुळण्यास पंधरा वर्षे गेली. लीक कंपनीचा स्टीरिओ ३० हा संपूर्ण ट्रँझिस्टरयुक्त एकत्रित विवर्धक १९६३ मधील होय. ट्रँझिस्टर ध्वनिक्षेपकास ट्रान्सफॉर्मरविना जोडता येतो. त्यामुळे उष्णता घटली, वजन घटले, आकार घटला. जपानी कारखान्यांनी पुढील दशकात हे तंत्र शिखरास नेले. १९७८ चा पायोनिअर एसएक्स १९८० हा एकाच पेटीतील रिसीव्हर प्रत्येक मार्गास २७० वॅट देई. भरपूर शक्ती हवी तर स्वतंत्र घटक अटळ, हे मत त्यानंतर तांत्रिक सत्य म्हणून टिकू शकत नाही. त्याच वर्षीचा एनएडी ३०२० हा अवघ्या वीस वॅटचा, स्वस्त, एकत्रित विवर्धक जाणकारांच्याही पसंतीस उतरला. त्याच्या पाठीमागे नियंत्रण व शक्ती हे दोन भाग जोडणारे दुवे उघडे ठेवले होते. ते काढले की एकच यंत्र दोन यंत्रांचे काम करी. विकल्पाचा प्रश्न ह्या रचनेने व्यवहारात निकालात काढला होता.

६

असे असूनही विभाजन संपले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेव्हिन्सन ह्यांचा एलएनपी-टू हा नियंत्रण-विवर्धक व इंग्लंडात नेम कंपनीचा पहिला शक्ति-विवर्धक अवतरले. आता पुढे आलेली कारणे जुनी नव्हती. शक्ति-विभाग जोराने वीज ओढतो तेव्हा क्षीण संकेताच्या विभागाचा पुरवठा डळमळू नये, हे एक कारण. ते निश्चित तांत्रिक आहे. एकेक घटक क्रमाक्रमाने बदलून यंत्रणा सुधारता यावी, हे दुसरे. ते ग्राहकाच्या सोयीचे, आणि विक्रेत्याच्याही. तिसरे कारण प्रतिष्ठेचे. ते फारसे बोलून दाखविले जात नसे. नेम कंपनीनेच १९८३ मध्ये ‘नेट’ हा लहानसा एकत्रित विवर्धक काढला आणि विभाजनाच्या पुरस्कर्त्यांनीही त्यास मान दिला, ही घटना ह्या संदर्भात उद्‌बोधक आहे.

विभाजनाची किंमतही ह्याच काळात स्पष्ट झाली. जास्तीच्या तारा, जास्तीचे सांधे, जास्तीच्या पेट्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुळणीची जबाबदारी. एकत्रित यंत्रात संकेताची पातळी व पुरवठा ह्यांचा मेळ अभियंता घालतो. स्वतंत्र घटकांत तो भार ग्राहकाच्या शिरावर पडतो. क्वाड व लीक ह्यांच्यातील अकरा पटींचे अंतर ज्यास ठाऊक नाही त्याचे निवडीचे स्वातंत्र्य नाममात्रच होय. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिच्या वादकयंत्राचा संकेत साधारणतः दोन व्होल्टचा, म्हणजे पिकअपच्या चारशे पट. नियंत्रण-विवर्धकाचे मूळ कार्यच त्यामुळे बहुतांशी संपुष्टात आले. आवाजाची पातळी ठरविणे व स्रोत निवडणे एवढेच उरले.

७

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, ‘स्वतंत्र घटक’ ह्या संज्ञेचा अर्थ १९५३ मध्ये एक व १९७३ मध्ये दुसरा होता. पहिल्या काळी ती तबकड्यांची विविधता, व्हॉल्व्हची उष्णता आणि विजेची गुणगुण ह्यांवरील तोड होती. दुसऱ्या काळी ती पुरवठ्याची शुद्धता, क्रमिक सुधारणा आणि प्रतिष्ठा ह्यांची वाहक झाली. एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू वावरतात तेव्हा पहिलीचे युक्तिवाद दुसरीस चिकटविले जातात, आणि ग्राहक आपल्या पित्याच्या पिढीतील अडचणीवरील उपायास आजची गुणवत्ता समजून दाम मोजतो.

दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीसंबंधी आहे. कोणत्याही यंत्राचे रूप पाहून त्यावरून हेतूचे अनुमान बांधणे धोक्याचे असते. रूप टिकते, हेतू बदलतो. म्हणून जुन्या यंत्राचा अभ्यास करताना त्याच्या कळा कशासाठी होत्या, त्याची तार कोठून वीज घेई, त्यास किती संकेत लागे, हे किरकोळ वाटणारे तपशील जाहिरातीतील विशेषणांपेक्षा अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरतात. एक पेटी की दोन, ह्या प्रश्नास सर्वकाळी लागू पडणारे उत्तर नाही. प्रत्येक काळी क्षीण संकेत कोठे आहे, उष्णता कोठे आहे आणि जुळणीची जबाबदारी कोणावर आहे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की ते आपोआप मिळते.