'डीआरएस.' म्हणजे डॉक्टर नव्हे

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे १९३९ साली रुजू झाल्या. त्यांची डॉक्टरेट बर्लिनची. मूळ जर्मन रूप 'डॉ. फिल.', आपल्याकडे कुणी तिला 'डी.फिल.' लिहितं, कुणी 'पीएच.डी.'. यात फारसं बिघडत नाही, कारण दोन्हीकडे डॉक्टरेटच आहे. शेजारच्या नेदरलँड्समधल्या पदव्या इंग्रजीत आणताना मात्र पायरीच बदलते.

जुन्या डच अहवालात लेखकाच्या नावाआधी 'डीआरएस.' दिसतं. (क्रिकेटवालं नाही!) आपण सरळ 'डॉ.' समजून पुढे जातो. पूर्ण शब्द आहे 'डॉक्टरान्डस', मूळ लॅटिन, अर्थ 'ज्याला डॉक्टर करायचं आहे असा'. संस्कृत शिकलेल्यांना 'कर्तव्य'मधला 'तव्य' आठवेल, साधारण तोच प्रकार. म्हणजे ज्याची डॉक्टरेट अजून व्हायची आहे तो.

जुन्या रचनेत आधी 'कान्डिडाट्स' परीक्षा, मग 'डॉक्टराल' परीक्षा. ती पास झाली की माणूस डॉक्टरान्डस. पुढे प्रबंध लिहून त्याचं जाहीर समर्थन केलं, तरच डॉक्टर. 'डॉक्टराल'चं इंग्रजीत 'डॉक्टरल' केलं की घोळ पक्का, कारण ती पायरी आपल्या एम.ए., एम.एस्सी.च्या जवळची. 'कान्डिडाट्स'चंही तसंच. अमेरिकेत 'कॅन्डिडेट' म्हणजे प्रबंधाच्या टप्प्यावरचा विद्यार्थी, रशियात 'कान्डिडाट' ही जवळजवळ पीएच.डी.च, आणि डचांकडे तो पदव्युत्तरच्या अलीकडचा टप्पा. शब्द एक, पायऱ्या तीन.

उलटी चूकही होते. डॉक्टरान्डस म्हणजे पीएच.डी. अर्धवट सोडलेला, असं वाटतं. तसं नाही. ती पूर्ण पदवी होती. तिच्यावर लोकांनी आयुष्यभर सन्मानाने नोकऱ्या केल्या.

इंजिनिअरांचं आणखी वेगळं. 'आयआर.' ही डेल्फ्टसारख्या तांत्रिक विद्यापीठाची, मास्टर्सच्या पातळीची. 'आयएनजी.' ही 'होखस्कूल'ची, बॅचलरच्या पातळीची. इंग्रजीत दोघेही नुसते 'इंजिनिअर' होतात. आणि 'होखस्कूल'चं शब्दशः भाषांतर 'हायस्कूल' झालं, तर चार वर्षांचं पदवी शिक्षण घेतलेला माणूस आपल्याला दहावी पास वाटेल! 'एमआर.' बघून मिस्टर समजू नका. ते 'मेस्टर', म्हणजे कायद्याचे पदवीधर, आणि स्त्रियाही ते लावतात.

२००२ पासून तिकडे बॅचलर-मास्टर रचना आली, त्यामुळे नव्या पदव्या ओळखायला सोप्या. जुना लेखक भेटला, तर मी टिपणात मूळ डच पदवी तशीच ठेवते आणि पुढे लिहिते: कुठल्या परीक्षेनंतर मिळाली, प्रबंधाआधी की नंतर. तुम्ही 'आधीचं संशोधन' हे प्रकरण लिहायला घ्याल तेव्हा एवढं तरी तपासा.