मावशी, मोरू आणि तिकिटाची खिडकी

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले व १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. राजकृपेची जागा अनोळखी प्रेक्षकाच्या खिशातील नाण्याने घेतली. तिकिटाचा हा कागद मराठी रंगभूमीचा खरा पोशिंदा ठरला, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

पुढे १८९२ मध्ये इंग्लंडात ब्रँडन थॉमस यांचे ‘चार्लीज आंट’ हे प्रहसन रंगभूमीवर आले. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना आपल्या आवडत्या मुलींना जेवावयास बोलवायचे असते. परंतु घरात वडीलधारी बाई असल्याखेरीज ते शोभणारे नसते. ज्या मावशीची वाट पाहावी ती वेळेवर येत नाही. मग त्यांचा एक मित्रच लुगडे नव्हे, पण झगा चढवून मावशी होतो! लंडनमध्ये या नाटकाचे १४६६ प्रयोग सलग झाले. आचार्य अत्रे यांनी १९४७ मध्ये त्याला मराठी रूप दिले, ते ‘मोरूची मावशी’. १९८५ मध्ये ‘सुयोग’ने ते पुन्हा उभे केले आणि विजय चव्हाण यांची मावशी घरोघरी पोहोचली.

हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. ही सारी धांदल कशासाठी? तर वयात येणाऱ्या मुलांवर मोठ्यांचा विश्वास नाही म्हणून. मोठेपण मिळत नाही, तेव्हा ही मुले मोठेपणाचे सोंग आणतात.

उपनगरांतील माणसाला नाटक म्हणजे पूर्वी गिरगाव, परळ किंवा दादरची वारी होती. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ मध्ये सुरू झाले. कालांतराने महापालिकेची नाट्यगृहे पार्ल्याला, मुलुंडला आणि बोरीवलीला झाली. वसईहून गाडीने निघणाऱ्या आमच्या माणसांनाही नाटक तेवढेच जवळ आले. रविवारच्या वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून घरात बेत ठरे आणि तिकिटे आणण्याची कामगिरी बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर येई. खिडकीमागचा माणूस आसनांचा ‘प्लॅन’ पुढे सरकवी. आजीला पायऱ्या चढवत नाहीत, धाकट्याला समोर उंच माणूस चालत नाही, आणि हातातल्या नोटा तर मोजक्या! या साऱ्याचा हिशेब त्या मुलाने उभ्या उभ्या करायचा. विकलेल्या खुर्च्यांवर फुल्या पडत आणि चूक झाली तर ती सर्वांसमोर तीन तास दिसत राही. मोरूला जे सोंगाने मिळवावे लागले, ते आमच्या पिढीतील कित्येकांना या खिडकीपाशी सरळ हाती मिळाले.

आज तिकीट घरबसल्या भ्रमणध्वनीवर निघते. रांगेचा त्रास वाचला, हे चांगलेच झाले. २०१८ पासून ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटावर वस्तू व सेवा करही लागत नाही. तरीही चार जणांच्या कुटुंबाला हा खर्च विचार करूनच करावा लागतो. म्हणून वडील एका बोटाने खुर्च्या निवडतात आणि मुले मागून निमूट चालतात. मग मुलांना नाटक आपले का वाटावे?

विजय चव्हाण २०१८ मध्ये गेले. नट जातात, नाटक पुन्हा उभे राहू शकते. मात्र प्रेक्षक प्रत्येक पिढीत नव्याने घडवावा लागतो. पुढच्या खेपेस नाटक कोणते आणि खुर्च्या कुठल्या, हे घरातील मुलांनाच ठरवू द्यावे, असे आम्हांस वाटते. खुर्ची एखादे वेळी खांबाआड येईल. तेवढी आपण सोसावी.