दुरुस्ती आणि फेरघडण

घटनेला हात लावण्याची भाषा निघाली की आपल्या वस्त्यांत कान टवकारतात. ते योग्यच, पण प्रत्येक दुरुस्ती आपल्या मुळावर येते असे नव्हे. एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासचा जातवार जागावाटपाचा हुकूम रद्द ठरवला. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ला चौथे उपकलम जोडले गेले. मागासवर्गीयांच्या शिक्षणातील राखीव जागा त्यावर उभ्या आहेत. कायदेमंत्री होते बाबासाहेब!

ही दुरुस्ती. फेरघडण म्हणजे घराचा पायाच उकरणे. स्वित्झर्लंडच्या घटनेत संपूर्ण फेरघडणीची वेगळी तरतूद आहे. आपल्या कलम ३६८ मध्ये फक्त दुरुस्ती आहे. म्हणूनच केशवानंद भारती खटल्यात (१९७३) तेरांपैकी सात न्यायाधीशांनी म्हटले, कलमे बदला, मूळ चौकट मोडू नका. सात विरुद्ध सहा, इतक्या बारीक धाग्यावर हे टांगलेले होते.

फेरघडण दुरुस्तीचे नाव घेऊनही येते. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या या अधिकाराला मर्यादाच नाही, असे कलम ३६८ मध्येच लिहून घेतले. मिनर्व्हा मिल्स खटल्यात, १९८० साली, ते खोडले गेले.

पुढे २००० साली घटनेच्या फेरविचाराची हाकाटी झाली, तेव्हा राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरळ विचारले: घटना अपयशी ठरली, की आपण?