दंतवैद्यक शिक्षकांचे पदव्युत्तर प्रशिक्षण

दंतवैद्यक महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि विद्यार्थी, इंटर्न यांच्या हातून होणाऱ्या उपचारांवर देखरेख ठेवणाऱ्या दंतवैद्यांना अध्यापन, परीक्षण व पर्यवेक्षण या कामांसाठी दिले जाणारे प्रशिक्षण. एमडीएस या पदव्युत्तर पदवीत त्याचा अल्प अंश असतो. बाकीचे पदवीनंतर कार्यशाळा, फेलोशिप किंवा आरोग्यविज्ञान शिक्षणातील स्वतंत्र अभ्यासक्रम करून मिळवावे लागते. महाराष्ट्रात त्याची मुख्य ठिकाणे पुणे, नाशिक, मुंबई आणि वर्ध्याजवळचे सावंगी ही आहेत. सीमाभागातले बेळगावही याच मालिकेत येते.

विषय शहरातल्या महाविद्यालयांचा वाटला, तरी त्याचा शेवटचा टप्पा खेड्यात असतो. जुन्नर तालुक्यातले खोडद जगाला ठाऊक आहे ते ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. तिथल्या माणसाची दाढ ठणकू लागली की तो नारायणगाव गाठतो. दुखणे अवघड निघाले तर सुमारे ८० किलोमीटरवरचे पुणे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे, पण भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांना तेही लांबच. अशा भागांत अनेकांचे तोंड डॉक्टर पहिल्यांदा तपासतात ते एखाद्या शिबिरात. तपासणारा हात बहुधा इंटर्नचा असतो. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. आणि भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमावलीने त्या बारा महिन्यांपैकी तीन महिने सामुदायिक दंतवैद्यक आणि ग्रामीण सेवेसाठी राखले. या तीन महिन्यांत इंटर्नच्या मागे कोण उभे आहे आणि त्याला शिकवता येते का, यावर पेशंटला काय मिळणार हे बरेचसे ठरते.

दंतवैद्यकात पर्यवेक्षणाला वैद्यकापेक्षाही अधिक वजन आहे. वैद्यकाचा विद्यार्थी पेशंटची माहिती घेतो, तपासतो, पाहतो. औषध आणि शस्त्रक्रिया यांचा निर्णय वरिष्ठांकडे राहतो. दंतवैद्यकाचा विद्यार्थी मात्र पदवी हाती येण्याआधीच हातात हँडपीस घेऊन जिवंत माणसाचा दात कोरतो. कोरलेले एनॅमल पुन्हा वाढत नाही. म्हणून आधी फँटम हेडवर म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, काढलेल्या दातांवर सराव, मग पेशंट, आणि पेशंटवरही पायरीपायरीला तपासणी. कीड काढून झाली की दाखवायचे, रूट कॅनालमध्ये फाइल घालून लांबीचा एक्स-रे काढला की दाखवायचे, भरण्याआधी पुन्हा दाखवायचे. शिक्षक एक आणि खुर्च्या अनेक, त्यामुळे सही घ्यायला विद्यार्थी रांगेत थांबतात. वर ‘कोटा’ पुरा करायची घाई असते, म्हणजे ठरलेल्या संख्येइतके फिलिंग, इतक्या कवळ्या, इतके दात काढणे. या गर्दीत सही करणे आणि शिकवणे यांत अंतर पडते. ते अंतर कमी करण्याची रीत शिकता येते, हाच या प्रशिक्षणाचा पाया आहे.

भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढले. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ चे. पुढे मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय महाविद्यालये उभी राहिली आणि १९८० नंतर खासगी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. पुण्याचे भारती विद्यापीठ दंत महाविद्यालय त्याच लाटेतले. महाविद्यालये वाढली तशी शिक्षकांची गरज वाढली, आणि ती एमडीएस झालेल्यांतून भागवली गेली. उत्तम शल्यक्रिया करणारा उत्तम शिकवेलच, असे गृहीत धरले गेले. अनेकांनी ते खरे करूनही दाखवले, पण स्वतःच्या कष्टाने आणि आपल्या शिक्षकांचे पाहून.

एमडीएस तीन वर्षांचे असते आणि त्याच्या नऊ शाखा आहेत. या काळात पीजी विद्यार्थी सेमिनार देतो, जर्नल क्लबमध्ये शोधनिबंध मांडतो, खालच्या वर्षांची प्रात्यक्षिके सांभाळतो. २०१७ च्या नियमावलीत अंतिम परीक्षेतल्या तोंडी भागाच्या १०० गुणांपैकी २० गुण अध्यापनाला दिले आहेत: परीक्षेच्या सुरुवातीला विषय मिळतो आणि त्यावर ८ ते १० मिनिटे मांडणी करायची. अध्यापनाला परीक्षेत जागा मिळाली हे चांगलेच झाले. परंतु दहा मिनिटांच्या मांडणीत फळ्यासमोरचे बोलणे तेवढे कळते. पेशंटच्या खुर्चीशेजारी, घाबरलेल्या विद्यार्थ्याच्या हाताकडे पाहत, पेशंटला न दुखावता चूक कशी सुधारायची, हे त्यातून दिसत नाही. पुढची बढतीही मुख्यतः वर्षांवर आणि शोधनिबंधांवर चालते: व्याख्याता म्हणून चार वर्षे झाली की प्रपाठक, प्रपाठक म्हणून पाच वर्षे झाली की प्राध्यापक. शिकवण्याच्या कौशल्याला या हिशेबात फारशी जागा नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

खुर्चीशेजारच्या अध्यापनाची एक सुटसुटीत रीत १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबवैद्यकाच्या शिक्षकांनी मांडली. ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ या नावाने ती ओळखली जाते आणि अशा कार्यशाळांत हमखास शिकवली जाते. तिच्या पाच पायऱ्या शिबिरातल्या एका नेहमीच्या प्रसंगावरून समजतात. साठीच्या एक आजी दाढ दुखते म्हणून आल्या आहेत. वर्षानुवर्षे मिश्री लावतात. इंटर्न दाढ पाहतो आणि सांगतो, “मॅडम, दाढ काढावी लागेल.” देखरेख करणाऱ्या मॅडम लगेच आरसा हातात घेत नाहीत. त्या विचारतात, “तुझं निदान काय?” ही पहिली पायरी: विद्यार्थ्याला एका मतावर उभे करणे. “कशावरून म्हणतोस?” ही दुसरी. कीड खोल आहे, दात हलतो, ठोकल्यावर दुखतो, असे तो सांगतो. “मिश्री लावणाऱ्या माणसाचं तोंड उघडलं की आधी काय बघायचं?” या प्रश्नातून तिसरी पायरी येते, म्हणजे या एका पेशंटपलीकडे लागू पडणारा नियम. इंटर्न पुन्हा पाहतो आणि ओठाच्या आत हिरडीलगतचा पांढरा चट्टा त्याला दिसतो. मॅडम सांगतात, दाढेची तपासणी पद्धतशीर केलीस, ही चौथी. आणि पाचवी: दुखरा दात सापडला तरी तपासणी थांबवायची नाही, जीभ, गाल, टाळू, तोंडाचा तळ सगळे पाहून मगच निदान बोलायचे. सगळ्याला फार वेळ लागत नाही. आजींना मात्र पुढच्या तपासणीसाठी वेळेवर पाठवले जाते.

मॅडमनी स्वतः चट्टा दाखवला असता तर आजींचे काम त्या दिवशी झालेच असते. पुढच्या गावात, मॅडम नसताना, तो इंटर्न पुन्हा दाढच पाहत बसला असता. मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांचा वापर ज्या भागांत आहे, तिथे तोंडाच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे पर्यवेक्षणातला हा फरक जिवाशी संबंधित आहे. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. गुटख्यामुळे तोंड कमी उघडू लागलेल्या तरुणांची रांग दंतविभागांत त्यानंतरही दिसते.

पेशंटशी बोलायचे कसे, हेही शिक्षकाच्या वागण्यातूनच झिरपते. अभ्यासक्रम इंग्रजीत, पेशंट मराठीत. वरची दाढ काढली की डोळ्यांवर परिणाम होतो, ही भीती महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. वरिष्ठांनी ती झटकून टाकली तर इंटर्नही झटकून टाकायला शिकतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेऊन दाताची आणि डोळ्याची नस वेगळी असते हे समजावले, तर तेही तो उचलतो. चांगल्या प्रशिक्षणात अशा संवादाचा सराव करून घेतला जातो आणि त्यावर सहकाऱ्यांचा अभिप्राय मिळतो.

या विषयाचा शास्त्रीय पाया वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासातून आला. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्याच्या मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवता येते, आणि प्रत्यक्ष कामात करतो. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपुरती चालते. तिसरीसाठी रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी येथे १९७५ मध्ये ऑस्की ही परीक्षापद्धती रुजवली होती; तिच्यात विद्यार्थी ठरावीक वेळेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी एक छोटे काम करून दाखवतो. दंतवैद्यकाला ती चांगली मानवते. चौथ्या पायरीसाठी मात्र शेजारी उभे राहून पाहणारा शिक्षकच लागतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दवाखान्यात एक वर्ष फाउंडेशन प्रशिक्षण असते, त्यावर देखरेख ठेवणाऱ्या दंतवैद्यांना पर्यवेक्षक म्हणून तयार केले जाते, आणि त्यांतले अनेकजण वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय शिक्षणातले पदव्युत्तर प्रमाणपत्र घेतात.

भारतात पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये १९७५ पासून राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रात मोठे पाऊल पडले ते मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या फायमर या संस्थेची भारतातली पहिली प्रादेशिक शाखा तिथे २००५ मध्ये सुरू झाली आणि शल्यचिकित्सक डॉ. अविनाश सुपे यांनी तिचे नेतृत्व केले. पुढे लुधियाना आणि कोइमतूर येथेही अशा शाखा निघाल्या. फेलोशिप दोन वर्षांची. शिक्षक आपली नोकरी सांभाळून काही दिवस एकत्र येतात आणि उरलेला काळ आपल्याच महाविद्यालयात शिक्षणविषयक एक प्रकल्प राबवतात. भारतातल्या या शाखांचा लाभ दंतवैद्यकाच्या शिक्षकांनीही घेतला आहे. प्रकल्प स्वतःच्या विभागात करायचा असल्याने शिकलेले तिथेच मुरते, हे या रचनेचे खरे बळ.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ ची. अभिमत विद्यापीठे वगळता राज्यातली दंत महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. शिक्षक-प्रशिक्षणासाठी विद्यापीठाची स्वतंत्र संस्था त्याच्या पुणे विभागीय केंद्रात आहे. मूलभूत कार्यशाळांत अध्ययनाची उद्दिष्टे लिहिणे, प्रश्नपत्रिका बांधणे, सूक्ष्म अध्यापन आणि अभिप्राय देणे असे विषय घेतले जातात. सावंगीच्या दत्ता मेघे अभिमत विद्यापीठात शरद पवार दंत महाविद्यालयाच्या जोडीला आरोग्यव्यवसाय-शिक्षणाचा वेगळा विभाग आहे. बेळगावच्या केएलई विद्यापीठातही दंतविज्ञान संस्थेच्या बरोबर असा विभाग चालतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या लोणीच्या प्रवरा ग्रामीण दंत महाविद्यालयाच्या नावातच ग्रामीण सेवेचा उद्देश आहे.

तरीही वैद्यकाशी तुलना केली की दंतवैद्यक मागे पडलेले दिसते. वैद्यकीय शिक्षकांसाठी नियामक संस्थेने २००९ पासून प्रादेशिक केंद्रे नेमली, मूलभूत अभ्यासक्रम ठरवला, पुढे प्रगत अभ्यासक्रमही आणला. दंतवैद्यकात तितकी दाट आणि सक्तीची साखळी उभी राहिली नाही. महाविद्यालयाचा उत्साह आणि शिक्षकाची हौस यांवर बरेच अवलंबून राहिले. संसदेने १९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. त्यात पदवी व पदव्युत्तर दंतशिक्षणासाठी एक स्वतंत्र मंडळ आहे. पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाला नियमात जागा देण्याचे काम या मंडळाने आधी हाती घ्यावे. आणि कार्यशाळांचे पहिले निमंत्रण ग्रामीण केंद्रांवर इंटर्न घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना द्यावे, जमल्यास पुण्यात न बोलावता नारायणगाव किंवा मंचर येथेच घ्याव्यात; पेशंट, इंटर्न आणि शिकण्याचे प्रश्न, तिन्ही तिथे आहेत.