विमान कर्मचारी स्वसंरक्षण प्रशिक्षण

विमान कर्मचारी स्वसंरक्षण प्रशिक्षण हे वैमानिक व केबिन कर्मचाऱ्यांना विमानातील हल्ल्यापासून स्वतःचा आणि प्रवाशांचा बचाव करण्यासाठी दिले जाणारे प्रशिक्षण होय. उड्डाणादरम्यान पोलिसांची मदत मिळू शकत नसल्याने अरुंद जागेत पकड सोडवणे, वार चुकवणे व हल्लेखोराला जखडून ठेवणे यांवर त्यात भर असतो.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲम ७३ विमानाचे कराचीत अपहरण झाले. केबिन कर्मचाऱ्यांनी सावध केल्याने वैमानिक बाहेर पडले आणि अपहरणकर्त्यांना विमान नेता आले नाही. प्रवाशांना वाचवताना मृत्यू पावलेल्या नीरजा भनोत यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर असे ऐच्छिक, विनामूल्य सरकारी प्रशिक्षण सुरू झाले. भारतातील नियमांनुसार समजावण्याचे सर्व मार्ग संपल्यावरच गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशाला बांधून ठेवता येते.