बंब पुन्हा पंप झाला

आज्जीचा दिवस बंबापासून सुरू व्हायचा. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं आमचं घर, परसात न्हाणीच्या भिंतीला लागून तांब्याचा बंब. पहाटे अंधारातच ती आधी जाळीखालची राख घमेल्यात ओढायची, मग तुराट्यांची मूठ पेटवून वरून मक्याची बुरकुंडं आणि शेणीचा तुकडा टाकायची. विस्तव धरला की बंबफोड. हा शब्द आता ऐकू येत नाही. वखारीत जळणाचे दोन भाव असत: चुलीसाठी बारीक फोडलेलं चूलफोड आणि बंबाच्या नळीत वरून मावेल एवढं बंबफोड. एका भांड्याच्या तोंडाच्या मापानं लाकूडतोड्याची कुऱ्हाड चालावी, इतकं त्या भांड्याचं घरादारात वजन होतं.

आपल्याकडे घर गरम ठेवायची गरज फारशी पडली नाही. साताऱ्याची थंडी घोंगड्यात निभते, सांगलीची तर दहा वाजेपर्यंतच्या उन्हात संपते. या भागातल्या घरांनी जी उष्णता रोज आणि नेमानं तयार केली ती अंघोळीच्या पाण्याची. म्हणून आपल्या घरगुती उबेची कुळकथा सांगायची तर ती बंबापासूनच सांगायला हवी.

‘बंब’ शब्द आपला नाही. तो पोर्तुगीजांच्या ‘बोम्बा’वरून आला आणि बोम्बा म्हणजे पंप. जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा तो बोम्बा. न्हाणीघरात नजर फिरवली तर याच वाटेनं आलेले त्याचे भाऊबंद सापडतात. बादली, पिंप, तोटीची चावी, राख भरायचं घमेलं, हे सगळे शब्द पोर्तुगीज वळणाचे. मराठी माणसाची पहाट अशी निम्मीअर्धी गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेल्या शब्दांत उजाडत होती.

पण बंब काही उपसत नाही. तो जागचा हलत नाही, त्यात दट्ट्या नाही, झडप नाही. मग पंपाचं नाव त्याला का पडलं? माझा तर्क आगीच्या बंबाकडे जातो. आग विझवायला पाण्याचा मारा करणारं यंत्र म्हणजे खराखुरा पंप, आणि मराठीत त्याला आजही आगीचा बंबच म्हणतात. 1829 मध्ये लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी वाफेवर चालणारा असा बंब बनवला. पुढे जे वाफेचे बंब रूढ झाले त्यांच्या पाठीवर धातूचं उभं पिंप असे, खाली भट्टी आणि वर धुराडं. आपल्या न्हाणीतल्या बंबाचा आकार नेमका हाच. खाली जाळ, मध्ये पाणी, वर धूर. रूपावरून नाव उचलणं ही भाषेची जुनी सवय आहे, आणि ते इथेही घडलं असावं असं मला वाटतं.

आता त्याची रचना बघा. बाहेरचा ढोल तांब्याचा, आत मधोमध उभी नळी. जाळ नळीत आणि पाणी तिच्या भोवती. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाशी लागतो, बाकीचा कडेनं वर निघून जातो. बंबात जाळाला पाण्यानंच वेढलेलं असतं. उष्णता कुठल्याही बाजूला सरली तरी आधी पाण्यातच शिरते. शिवाय भांडं तांब्याचं. चांदी सोडली तर घरातल्या धातूंत उष्णता इतक्या सहज पुढे सरकवणारा दुसरा नाही. रशियातल्या तुला शहरात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून घडवले जाणारे चहाचे समोवार याच बेताचे: मध्ये नळी, भोवती पाणी, खाली तोटी. काही बंबांना आणखी एक युक्ती होती. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतायचं, ते आतल्या दुसऱ्या नळीनं थेट तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोंडातून बादलीत पडायचं. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, गार जड म्हणून खाली बसतं, एवढ्याच नियमावर ते चालायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

वाया जाणारी उष्णता पकडायची ही दृष्टी केवळ बंबात नव्हती. चुलीला शेजारी वैल असायचा. मुख्य तोंडावर भाकरी चालू असताना उरलेली धग वैलावरच्या आमटीला लागायची. गुऱ्हाळाच्या चुलवणात उसाचंच चिपाड जळायचं. जळण पोटाला चिमटा घेऊन साठवणाऱ्या घरांनी हे शास्त्र हातानं शिकून घेतलं होतं.

तरीही मी बंबाचं कौतुक एका मर्यादेतच करीन. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंचेनं घासून लखलखीत केलेला, झेंडूची माळ घातलेला बंब सगळ्यांना आठवतो. तो धूर ज्यांच्या डोळ्यांत गेला त्यांची आठवण कोणी काढत नाही. आधी शेतावर जाणारे पुरुष, मग शाळेची पोरं, मग सुना. आज्जीची अंघोळ शेवटी, विझत आलेल्या बंबातल्या कोमट पाण्यानं. पावसाळ्यात ओलं जळण फुंकताना तिला लागलेला खोकला नंतर सुटला नाही. बंब परसात ठेवायचा यालाही कारण होतं. बंद जागेत विस्तव धुमसला की वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि माणूस झोपेत जातो. आज खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायलाच हवं.

इकडे खरा पंप मात्र आमच्याच शिवारात जन्माला येत होता. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना वसवला. आधी लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, आणि पुढे पंप. ज्या मुलखानं लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिली होती, 1719 ते 1724 या काळात बांधलेली, एकाच वेळी बारा मोटा चालतील एवढी, त्या मुलखात मोटेची जागा पंपानं घेतली. पंपाचा धंदा काय? पाणी आपणहून उतारानं खाली जातं, त्याला शक्ती लावून वर न्यायचं. शक्ती पाणी तयार करायला लागत नाही, फक्त हलवायला लागते. पुढची सगळी कथा या एका फरकावर उभी आहे.

बंबाची जागा गिझरनं घेतली. हा शब्द आइसलंडचा. तिथल्या ‘गेसिर’ नावाच्या उसळत्या गरम झऱ्याचं नाव लंडनच्या बेंजामिन मॉघननं 1868 मध्ये आपल्या गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राला दिलं. आपल्याकडे तो घराघरांत पोचला विजेच्या रूपात. बटण दाबलं की पाणी गरम, ना धूर ना राख. आज्जीसारख्या हजारो बायकांची पहाट त्यानं सोडवली, हे त्याचं मोठं पुण्य.

पण हिशेब करून पाहा. चार माणसांना 100 लिटर पाणी, 20 अंशांचं 45 वर न्यायचं. त्याला जवळजवळ 3 युनिट वीज लागते. ती वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल तर तिथेच कोळशातल्या उष्णतेचा सुमारे दोन तृतीयांश भाग वाफेबरोबर आणि धुराड्यातून गेलेला असतो. म्हणजे उष्णता जाळून वीज केली, त्यात दोन वाटे गमावले, आणि उरलेल्या एका वाट्याची घरी आणून पुन्हा उष्णता केली. पाटण तालुक्यातलं कोयनेचं पाणी तर याहून मोलाचं. बोगद्यातून पोफळीकडे कोसळून जनित्रं फिरवणारं ते पाणी, हाक मारताच धावून येणारी वीज देतं. ती सकाळच्या गिझरांच्या लाल दिव्यांत जाळावी याचं मला वाईट वाटतं. जळणाच्या बाबतीत आज्जीचा बंब यापेक्षा शहाणा होता.

मग गच्चीवर सौर बंब आले. लोकांनी त्यांनाही बंबच म्हटलं, किती बरोबर म्हटलं! अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं 1891 मध्ये उन्हावर पाणी तापवणाऱ्या पेटीचं पेटंट घेतलं होतं. आजच्या सौर बंबात पाणी फिरवायला मोटार लागत नाही. नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, गार खाली उतरतं. नरसाळ्याच्या बंबातला तोच नियम. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात ऊन भरपूर, आभाळ मोकळं. तिथे सौर बंबाला तोड नाही. महाबळेश्वरला मात्र पावसाळ्याचे चार महिने सूर्य ढगांतून बाहेर पडत नाही आणि वाळवा-मिरजेच्या क्षारपड भागातलं जड पाणी काही वर्षांत नळ्यांत खडू जमवतं.

इथे कुळातला सगळ्यात नवा वारस येतो. इंग्रजीतलं त्याचं नाव हीट पंप. कल्पना जुनीच. लॉर्ड केल्विन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसननं 1852 मध्येच मांडलं होतं की इंधन जाळून खोली तापवण्यापेक्षा त्या शक्तीनं बाहेरची उष्णता आत ओढली तर कितीतरी कमी खर्चात भागेल. त्याच दशकात ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगरनं एबेनझेच्या मीठ बनवण्याच्या कारखान्यात पाण्याच्या शक्तीवर चालणारं तसं यंत्र उभारलं. 1938 मध्ये झुरिचच्या नगरभवनाला लिमाट नदीच्या गार पाण्यातून उष्णता ओढून ऊब मिळू लागली.

गार वस्तूत उष्णता कुठून, असं वाटेल. पण गार म्हणजे उष्णता नसलेलं नव्हे, कमी असलेलं. या यंत्रात सहज उकळणारा द्रव फिरतो. उदाहरणार्थ, स्वयंपाकाच्या सिलिंडरात असणारा प्रोपेन उणे 42 अंशांवरच उकळतो. त्याला सकाळची 18 अंशांची हवासुद्धा जाळासारखी. त्या हवेतली उष्णता पिऊन तो वायू होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यावर तो तापतो, टाकीभोवतीच्या वेटोळ्यातून जाताना उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रव होतो आणि परत बाहेर फिरायला निघतो. वीज लागते ती फक्त दाबायला आणि पंखा फिरवायला. म्हणून ज्या पाण्याला गिझर 3 युनिट खातो त्याला हा साधारण 1 युनिट घेतो. उरलेली दोन युनिटं हवेनं दिलेली असतात. कोळशाच्या केंद्रात गमावलेले दोन वाटे अंगणातल्या हवेतून परत मिळाल्यासारखं आहे हे.

फ्रीज आणि एसी याचेच सख्खे भाऊ. फ्रीज दुधातली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो, एसी खोलीतली उष्णता रस्त्यावर टाकतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये गल्लीतले दहा एसी मिळून गल्लीच तापवतात. एसी 24 अंशांवर लावा असं सरकार सांगतं. 1 जानेवारी 2020 पासून ताऱ्यांच्या लेबलचे खोलीचे एसी त्याच अंकावर सुरू होतात. ते योग्यच आहे. पण उष्णतेच्या पंपाची खुबी पुढची: पाणी तापवताना त्याच्या तोंडून बाहेर पडणारी हवा गार असते. यंत्र कोठीच्या खोलीशेजारी बसवलं तर उन्हाळ्यात पाणी तापतं आणि कोठीही गार राहते.

दोष आहेत. गिझरपेक्षा महाग, पाणी तापवायला जास्त वेळ, पंख्याचा आवाज. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्या पहाटेला त्याची ताकद कमी पडते. एकट्यादुकट्या माणसाच्या घरात एवढा खर्च वसूल होणार नाही. माझं मत असं: माणदेशात आणि जत-आटपाडीत सौर बंबच घ्या. जिथे पाऊस फार, गच्ची सामाईक किंवा घरात माणसं जास्त, तिथे उष्णतेचा पंप घ्या. पाचगणीच्या वसतिगृहांना आणि महाबळेश्वरच्या हॉटेलांना तर तो बसवायलाच हवा.

या यंत्राला दुकानात अजून इंग्रजी नावानंच ओळखतात. आपल्याकडे शब्द तयार आहे. बोम्बा म्हणजे पंप. इतकी वर्षं न उपसणाऱ्या भांड्यानं तो शब्द सांभाळला. आता खरोखर उपसणारं यंत्र आलं आहे, आणि ते उपसतं ती उष्णता. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा ‘उष्णतेचा बंब दाखवा’ असं म्हणा. आणि परसातला तांब्याचा जुना बंब किलोच्या भावानं मोडीत घालू नका. दिवाळीला घासा आणि एक माळ घाला.