सरस चित्र का हरले? अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीचा लढा (१९५०–५३) #थ्रेड

१/ ऑक्टोबर १९५० मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने रंगीत दूरचित्रवाणीसाठी सीबीएस कंपनीची पद्धत मंजूर केली. प्रात्यक्षिकांत तिचे रंग प्रतिस्पर्धी आरसीएपेक्षा सरस ठरले होते. तरीही तीन वर्षांनी आयोगाला आपलाच निर्णय फिरवावा लागला. त्यामागची कारणे पाहू.

२/ सीबीएसचे अभियंते पीटर गोल्डमार्क यांची पद्धत अंशतः यांत्रिक होती. कॅमेऱ्यात लाल, निळ्या व हिरव्या गाळण्यांची चकती फिरे आणि एकेका रंगाचे चित्र क्रमाने प्रक्षेपित होई. घरच्या संचात साध्या कृष्णधवल चित्रनळीपुढे तशीच चकती त्याच लयीत फिरे. सेकंदाला अशी १४४ क्षेत्रचित्रे डोळ्यांपुढून जात आणि दृष्टिसातत्यामुळे रंग एकजीव भासत.

३/ रंग शुद्ध होते, पण चकती पडद्याच्या दुपटीहून रुंद लागे. पडदा थोडा वाढवला, तरी पेटी अवाढव्य होई.

४/ खरी अडचण निराळीच होती. तत्कालीन कृष्णधवल संच ५२५ रेषा व सेकंदाला ६० क्षेत्रचित्रे या मानकावर चालत. सीबीएसच्या रेषा होत्या ४०५. त्यामुळे जोडयंत्र बसवल्याशिवाय जुन्या संचावर हे प्रक्षेपण कृष्णधवल रूपातही दिसत नसे. १९५० संपेपर्यंत अमेरिकेत असे सुमारे एक कोटी संच होते.

५/ आरसीएचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ यांनी नेमक्या याच मुद्द्यावर भर दिला. १९४९ च्या प्रात्यक्षिकांत आरसीएचे रंग वारंवार बिघडले होते. मार्च १९५० मध्ये मात्र कंपनीने नवी चित्रनळी दाखवली. तिच्यात तीन इलेक्ट्रॉन-झोत आणि लाखाहून अधिक सूक्ष्म छिद्रांचा धातूचा पत्रा होता. छिद्रांच्या रचनेमुळे प्रत्येक झोत केवळ आपल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडे. फिरणारा एकही भाग उरला नाही.

६/ आरसीए न्यायालयात गेली. २८ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. २५ जून रोजी सीबीएसचे व्यावसायिक रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, पण ते पाहू शकतील असे संच जवळजवळ नव्हतेच.

७/ ऑक्टोबर १९५१ मध्ये कोरियन युद्धासाठी साहित्य वाचवण्याचे कारण देत सरकारने रंगीत संचांचे उत्पादन थांबवण्याची विनंती केली. तोट्याच्या वाटेवरील सीबीएसला ही सुटकाच वाटली असावी, असे काही अभ्यासक मानतात. कृष्णधवल संचांची विक्री मात्र सुरूच राहिली आणि विसंगत पद्धतीची वाट अधिकच अरुंद झाली.

८/ दरम्यान उद्योगाच्या एनटीएससी समितीने सुसंगत पद्धत सिद्ध केली. प्रकाशाची तीव्रता पूर्वीसारखीच पाठवायची आणि रंगाची माहिती त्याच संकेतात गुंफायची, हे तिचे सूत्र. जुना संच रंगाची माहिती दुर्लक्षून चित्र दाखवी. १७ डिसेंबर १९५३ रोजी आयोगाने हीच पद्धत स्वीकारली.

९/ सार्नॉफ यांना केवळ ग्राहकाचा कळवळा होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कृष्णधवल संचांवर आरसीएची मोठी मिळकत अवलंबून होती. १९५४ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या रंगीत संचाची किंमतही १,००० डॉलर होती. तरी ज्याने काटकसर करून कृष्णधवल संच घेतला होता, त्याचा संच एका निर्णयाने निरुपयोगी होण्यापासून वाचला, हेही खरे.

१०/ पराभूत चकती मात्र संपली नाही. मे १९६९ मध्ये अपोलो १० च्या यानातील रंगीत कॅमेऱ्यात तीच कल्पना वापरली गेली. लहान, हलक्या कॅमेऱ्यासाठी ती सोयीची होती आणि त्या संकेताचे रूपांतर पृथ्वीवर करता येत होते.

११/ १५ ऑगस्ट १९८२ रोजी भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ते सुसंगततेचेच तत्त्व पाळणाऱ्या पाल पद्धतीने. म्हणूनच मुंबई-पुण्यातील घरांतले कृष्णधवल संच त्या दिवशी अडगळीत गेले नाहीत. आयोगाने १९५० मध्ये दोन चित्रांची तुलना केली होती. लोकांच्या घरांत आधीच असलेला संच त्या तुलनेत पुरेसा मोजलाच गेला नव्हता.